चपलेत पाय

वडशाला नाटक ठरवायला जाणाऱ्या माणसाने बूट घालून जाऊ नये. चप्पलच हवी, आणि तीही अंगठ्याची. आमच्या सावली गावच्या नाट्य मंडळाचा सचिव या नात्याने हे मी अधिकाराने सांगतो. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली गावं मंडईच्या जत्रेला नाहीतर शंकरपटाच्या शर्यतीला नाटक लावतात. कंपन्यांचा मोठा बाजार वडशात, त्यामुळे गावोगावचे सचिव तिथल्या बाकड्यांवर तळ ठोकून असतात. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती रंगमंचावरच्या कामासाठी. बाकड्यावर बसून तारीख आणि रक्कम ठरवणाऱ्यांच्या अभिनयाची सरकारने अजून दखल घेतलेली नाही.

पद्धत अशी. कंपनीवाला आकडा सांगतो. आपण हसायचं. तो खाली उतरत नाही. आपण "बरं, येतो भाऊ" म्हणून उठायचं आणि दाराशी जाऊन चप्पल घालायला लागायचं. खरी कला इथे आहे. डाव्या पायाचा अंगठा पहिल्या खेपेला बाहेरच राहिला पाहिजे. मग वाकून पट्टा सरळ करायचा. मग उजव्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल गेली पाहिजे. आपली शोधेपर्यंत आतून हाक येतेच, "अहो सचिव, बसा ना, चाय तर घ्या!" त्या चहाच्या कपात हजार-दोन हजार सुटतात. हाक नाहीच आली तर आत परत जायला काहीतरी विसरलेलं असावं. मी छत्री विसरतो. उन्हाळ्यातसुद्धा.

असा माणूस सख्खा मामा असताना आमचा भाचा मोबाईलवर 'जोडीदाराशी वाटाघाटी कशा कराव्यात' हे शोधत बसला होता. आधी मला वाटलं, पोट्ट्याचं लग्न ठरतंय आणि बहिणीने कळवलं नाही. पण तो दहावीत होता. प्रकरण रोबोटचं निघालं.

नागपूरच्या त्याच्या शाळेचा रोबोट-संघ आहे. स्पर्धेच्या सरावाला बारा फूट बाय बारा फुटांचं मैदान लागतं, आणि तेवढी मोकळी जागा संघातल्या एकाच्याही फ्लॅटमध्ये नव्हती. म्हणून दिवाळीच्या सुटीत अख्खा संघ आमच्या अंगणात उतरला. अंगणात धान वाळत घातलं होतं. ते गोळा करून एका कडेला ढीग लावला आणि त्या जागी दोन-दोन फुटांच्या छत्तीस करड्या फोमच्या लाद्या एकमेकींत अडकवून बसवल्या. पेटीतून रोबोट निघाला. अठरा इंच लांब, अठरा इंच रुंद, अठरा इंच उंच. सुरुवातीला एवढ्या मापात बसलाच पाहिजे असा नियम आहे. मग त्याने हात कितीही पसरावेत, म्हणजे नियमात बसेल तितके. चाकांना तिरपे रूळ होते, त्यामुळे तो समोर तोंड ठेवून आडवा सरकायचा. पहिल्याच फेरीत आडवा सरकत तो थेट धानाच्या ढिगात गेला. रुळांत दाणे अडकले आणि कोंबड्या मागे लागल्या. ही अडचण अमेरिकेतल्या नियमपुस्तकात नव्हती.

गल्ली जमली. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीला गांधीजी सावलीला आले होते, त्यामुळे फिरणाऱ्या यंत्राकडे गावातली जुनी माणसं एकाच नजरेने बघतात. शेजारच्या आजोबांनी बराच वेळ रोबोट न्याहाळला आणि विचारलं, "सूत किती काढते?"

"सूत नाही काढत आजोबा. खालचे ठोकळे उचलून टोपलीत टाकतो."

"मंग हातानं टाकाले का होते?"

या प्रश्नावर संघ बराच वेळ गप्प होता.

खेळ मला भाच्याने समजावला. एका सामन्यात चार संघ. दोन लाल बाजूला, दोन निळ्या. पहिले तीस सेकंद रोबोट आपल्या अकलेने चालतो, पुढची दोन मिनिटं मुलं चालवतात. २०२४च्या हंगामात उंच टोपलीत ठोकळा टाकला की आठ गुण, आणि त्याच ठोकळ्याला क्लिप लावून वरच्या दांडीला अडकवला की दहा. शेवटी रोबोटने मधल्या सांगाड्याला लोंबकळायचं, त्याचे वेगळे गुण. इथवर ठीक होतं. पण आपल्या बाजूचा दुसरा संघ कोण, हे यादी ठरवते. आणि या सामन्यात जो आपला भिडू, तोच पुढच्या सामन्यात समोर उभा असू शकतो.

"म्हणजे सकाळी गळ्यात गळा आणि दुपारी गळा धरायचा?"

"हो मामा."

महाराष्ट्रातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

याचा उगम मी विचारून घेतला. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत अठ्ठावीस संघांची पहिली स्पर्धा झाली. तेव्हा ज्याचा तो लढत असे. १९९९ साली त्यांनी आघाडी करून खेळायची पद्धत आणली. २००१ साली तर थेट चार संघ एकाच बाजूला आणि समोर कुणीच नाही, फक्त घड्याळ. आपल्याकडे याला बिनविरोध म्हणतात आणि त्यासाठी आदल्या रात्री बरंच फिरावं लागतं. भाचा खेळतो ती याच धर्तीची, लहान रोबोटची स्पर्धा आता भारतातही भरते. देशपातळीची फेरी पुण्यात झाली आहे. २०१७ साली वॉशिंग्टनला जगभरच्या देशांची अशीच एक स्पर्धा झाली. तिथे एकेका आघाडीत तीन-तीन देश होते, आणि मुंबईच्या मुलांचा भारतीय संघ पदकं घेऊन परतला. तीन देशांची पोरं एका टेबलाशी बसून ठरवतात आणि खेळतात. आमच्या मंडळात नाटक सामाजिक लावायचं की ऐतिहासिक, यावर दोन गट आहेत, आणि दोन्ही गटांची चहाची टपरी वेगळी आहे.

नागपूरला सराव स्पर्धा होती. मुलांसोबत कुणी मोठं माणूस हवं होतं. भावजींना रजा नव्हती, मला छत्री होती. मी निघालो.

सभागृहाच्या एका अंगाला प्रत्येक संघाला एक टेबल दिलं होतं. त्याला पिट म्हणतात. सामना लागण्याआधी मुलं एकमेकांच्या पिटवर जाऊन विचारतात, "तुमचा रोबोट काय काय करतो?" या प्रश्नाला दिवसभर मी एकच उत्तर ऐकलं, "सगळं करतो." मग थोडं थांबून, "म्हणजे काल रात्री करत होता." एका टेबलावर रोबोटचा फक्त सांगाडा होता, मोटरी बाजूला काढून ठेवलेल्या, वायरी लोंबत होत्या. तिथला मुलगा म्हणाला, "फक्त जोडायचं बाकी आहे." हा मुलगा पुढे जाऊन बांधकाम व्यावसायिक होईल, अशी मी तिथल्या तिथे खूणगाठ बांधली.

आमच्या रोबोटचं दुखणं मला अंगणापासून माहीत होतं. हात वर गेला की खांद्याचा एक स्क्रू सैल व्हायचा आणि दोन-तीन सामन्यांनी हात खाली मान टाकायचा. हे गुपित ठेवणं सचिव या नात्याने माझं पहिलं कर्तव्य होतं. तर आमच्या मुलांनी काय करावं? त्यांनी एक छापील कागद बनवला होता: आमचा रोबोट काय करतो, किती वेळा जमतं, किती वेळा फसतं, हात कधी पडतो. आणि तो कागद ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होते!

मी भाच्याला बाजूला घेतलं. "अरे, नाटकाच्या जाहिरातीत आपण छापतो का, की दुसऱ्या अंकात हिरॉईनचा आवाज बसतो?"

"मामा, सामन्यात तर दिसणारच आहे ना."

"दिसेल तेव्हा दिसेल!"

उरलेले कागद मी माझ्या पिशवीत घातले, वर छत्री ठेवली.

पहिला सामना. आमच्या बाजूला इंदूरचा संघ आला. दोन्हीकडचे कप्तान रांगेत उभ्या-उभ्या बोलत होते. आमची कप्तान एक शांत, चष्मेवाली मुलगी. मी कान लावला.

"तुम्ही काय करणार?"

"टोपली."

"आम्हीपण टोपलीच."

"मग तुम्ही दांडी करा ना."

"दांडीवर आमचा नेम नाही बसत. तुमचा?"

"आमचाही नाही."

एका बाजूला टोपल्यांचा कोपरा एकच होता. सामना सुरू झाल्यावर दोन्ही रोबोट ठोकळे घेऊन त्या कोपऱ्याकडे धावले आणि चाकात चाक घालून असे अडकले, की दोन मिनिटं लाल कोपऱ्यात नुसती घरघर ऐकू येत होती. निळ्यांनी तेवढ्यात शांतपणे दुकान मांडलं. आम्ही हरलो.

दुसऱ्या सामन्याआधी मी हस्तक्षेप केला. जोडीदाराला मान द्यावा, म्हणजे तो उपकाराखाली राहतो, हे तत्त्व मी मुलांना सांगितलं. त्यांनी ते नाशिकच्या संघापुढे मांडलं. दुर्दैवाने त्या संघातही कुणाचा तरी काका आला होता. "टोपली तुम्ही घ्या." "नाही नाही, तुम्ही घ्या." "तुम्ही मोठे." "तुम्ही जवळचे." सामन्यात दोन्ही रोबोट दांडीपाशी जाऊन उभे राहिले, जिथे दोघांचाही नेम बसत नव्हता. टोपली दोन्ही मिनिटं कोरीच राहिली. शेवटच्या काही सेकंदांत आमच्या हाताने मान टाकली.

यानंतर कप्तान माझ्याकडे आली आणि अतिशय आदबीने म्हणाली, "मामा, एक जबाबदारीचं काम आहे. करणार का?" तिने मला एक तक्ता दिला आणि प्रेक्षकांत बसवलं. इतर संघांचे सामने पाहून कोण काय करतो ते टिपायचं. याला ते स्काउटिंग म्हणतात. माझा तक्ता मी मन लावून भरला. 'मुली नम्र. रोबोट जड वाटतो.' 'चालवणारा पोरगा डावखुरा. कानात बाळी. भरवसा नाही.' 'सोबतच्या आईंनी चिवडा दिला. डाळ जास्त, पण चांगला. आघाडीस योग्य.' असे शेरे मी मंडळात नवा नट बघतानाही लिहितो आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही. इथे भाच्याने तक्ता वाचून विचारलं, "यात आकडे कुठे आहेत?"

आकड्यांचं त्यांचं वेगळंच तंत्र होतं. सामन्याचे गुण दोघांचे मिळून येतात. त्यातला कोणाचा वाटा किती? तर प्रत्येक सामना म्हणजे एक समीकरण. हा अधिक तो बरोबर इतके. जोड्या बदलत जातात, समीकरणं साठत जातात, आणि ती एकत्र सोडवली की एकेका संघाचा अंदाजे वाटा बाहेर पडतो. याला ओपीआर म्हणतात. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हे गणित आमच्या मंडळात आलं तर? ज्या वर्षी जे पदाधिकारी होते त्या वर्षीची शिल्लक, असं मांडत गेलं की बारा वर्षांत एकेकाचं दूध आणि पाणी वेगळं होईल.

"यात कुणाचा वाटा शून्य येतो का रे?" मी सहज विचारलं.

"उणेसुद्धा येतो, मामा. म्हणजे तो नसता तर जास्त गुण पडले असते."

मी विषय बदलला.

दुपारी तर कहर झाला. पुढच्या सामन्यात आमच्या समोर जो संघ येणार होता त्यांची बॅटरी उतरली होती. त्यांचा पोरगा आमच्या टेबलाशी आला, आणि आमच्या पोराने पूर्ण भरलेली आपली बॅटरी काढून त्याच्या हातात ठेवली. मागितल्याबरोबर. चिठ्ठी नाही, पावती नाही, त्या बदल्यात काही नाही. मी छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलो. कप्तानने मला पाणी दिलं आणि सांगितलं, की याला ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम म्हणतात; एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी हे रूढ केलं. पूर्ण ताकदीने लढायचं आणि समोरच्याला माणसासारखं वागवायचं, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणालो, "पोरी, फ्लॉवर्स साहेब कधी वडशाला आले नसावेत."

त्या बॅटरीवर ते आमच्याविरुद्ध जिंकले.

दुसऱ्या दिवशी आता मोठ्यांच्या पातळीवरच काही करणं भाग होतं. सुदैवाने प्रेक्षकांत मुंबईच्या संघातल्या एका मुलाचे वडील शेजारी बसले होते. त्यांचा संघ तिसऱ्या क्रमांकावर होता आणि वरचे संघ शेवटी आपापला जोडीदार निवडणार होते. गृहस्थांचा भायखळ्याला भाजीचा घाऊक धंदा. पहिल्या वाक्यातच मी ओळखलं, बरोबरीचा माणूस आहे.

"तुमचा रोबोट चांगला दिसतो," ते म्हणाले.

"ठीक आहे. तुमचाही बरा आहे."

"आम्हाला बरेच जण विचारून गेले."

"आम्हालाही."

दोघंही चहा प्यायलो. तासाभराच्या बोलण्यात टोपली आमच्याकडे, दांडी त्यांच्याकडे, फोटोत त्यांचा बॅनर मधे, आमचा उजव्या हाताला, असं तत्त्वतः ठरत आणलं. हात पडतो हे मी सांगितलं नाही. त्यांचा रोबोट लोंबकळतो पण सामना संपल्यावर खाली उतरत नाही, खुर्चीवर चढून काढावा लागतो, हे त्यांनी सांगितलं नाही. करार अगदी रीतसर चालला होता. फक्त आम्हा दोघांना कुणी अधिकार दिलेला नव्हता.

निवडीआधी मी कप्तानला गाठून शेवटची तयारी करून घेतली. "नाव पुकारलं की लगेच जायचं नाही. आधी ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. मग माइकपाशी जाऊन म्हणायचं, 'विचार करून सांगतो.' मग परत फिरायचं. ते दुसऱ्यांदा बोलावतील तेव्हा—"

"मामा, नाही म्हटलं की बाद."

"म्हणजे?"

"एकदा नकार दिला की दुसरा कुणीही आपल्याला बोलावू शकत नाही. आपण स्वतः कप्तान होण्याइतके वर असलो तर ठीक, नाहीतर घरी."

मी सुन्न झालो. उठून गेलेल्या माणसाला हाक मारायला बंदी! असला कायदा उद्या वडशात लागू झाला तर निम्म्या गावांत नाटकच होणार नाही, आणि उरलेल्यांत पहिल्या आकड्याला होईल. मनुष्यस्वभावाचा ज्यांनी यत्किंचितही विचार केलेला नाही अशाच माणसांनी हा नियम केला असला पाहिजे. किंवा फारच केलेला आहे अशांनी.

निवड सुरू झाली. पहिल्या क्रमांकाने आपला भिडू घेतला, दुसऱ्याने घेतला. तिसऱ्या क्रमांकाच्या मुंबईच्या कप्तानने माइकवर आमच्या संघाचं नाव घेतलं. भायखळ्याच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मीही मान हलवली. दोघांनाही वाटलं, आपण करून दाखवलं. आमची मुलगी उठली, सरळ चालत गेली आणि "आम्ही आनंदाने स्वीकारतो" म्हणून मोकळी झाली. पाण्याचा घोट घेतला नाही की चष्मा पुसला नाही.

खाली आल्यावर मी म्हणालो, "अगं, निदान खोकायचं तरी!"

"कालच ठरलं होतं, मामा."

"काल? कोणी ठरवलं?"

"एम फोरचे स्क्रू संपले होते आमचे. त्यांच्याकडे मागायला गेले. कशाला हवेत विचारलं, तर सांगितलं हात पडतो. त्यांनी स्क्रू दिले, वर सैल होऊ नये म्हणून लावायचं औषधही दिलं. मग त्यांनी सांगितलं, त्यांचा लोंबकळून खाली उतरत नाही. आमच्या पोराने तो प्रोग्राम बघून दिला. मग म्हटलं, एकत्र खेळू."

"आणि टोपली, दांडी?"

"टोपली ते. दांडी आपण. काल रात्री दांडीचा नेम बसवला."

म्हणजे आम्ही दोघा बुजुर्गांनी तासभर घाम गाळून जे ठरवलं, त्याच्या बरोबर उलट.

बाद फेरीत दोनदा हरल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. आमची आघाडी एक सामना हरली, एक जिंकली आणि मग रीतसर दुसऱ्यांदा हरली. हात शेवटपर्यंत पडला नाही. हरल्यावर चारही संघांच्या पोट्ट्यांनी एकत्र फोटो काढला. त्यात कोणाचा बॅनर कुठे आहे तेही कळत नव्हतं. वर प्रेक्षकांत भायखळा आणि सावली यांच्यात मात्र तणाव होता.

"हात पडतो हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"पडला कुठे?"

"पडला असता तर?"

चहाचे पैसे कोणी द्यायचे हा मुद्दाही तत्त्वतःच राहिला.

सुटी अजून उरली होती, म्हणून सगळे पुन्हा सावलीला निघालो. परतीच्या बसमध्ये मुलं पुण्याच्या स्पर्धेसाठी आपली वही नीट करत होती. परीक्षकांना द्यायला प्रत्येक संघ अशी एक वही करतो: रोबोट कसा सुचला, काय चुकलं, कशावर काय तोडगा काढला. भिवापूरच्या पुढे मुलं झोपली तेव्हा मी सहज ती चाळली. 'अडचणी आणि उपाय' असं एक पान होतं. 'चाकात धान अडकणे: ब्रशने साफ करणे.' 'खांद्याचा स्क्रू: नवा, औषध लावून.' 'माहितीचे कागद गहाळ होणे: मामांच्या पिशवीत बघणे.' त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मामा: चहाला पाठवणे.'

मी भाच्याला हलवून उठवलं. "हे काय आहे? माझ्याबद्दल एवढंच? सचिव आहे मी!"

त्याने एक डोळा उघडला. "पंधरा पानांची मर्यादा आहे मामा. नाहीतर सविस्तर लिहिलं असतं."